पान चौथे : मुलगा

त्रिकोण. नखाएवढा, निळा, टोक उजवीकडे — आणि त्याच्यावर, अजून न टेकलेलं, आईचं बोट. ते खाली येण्याआधी सांगून टाकलेलं बरं : आज संध्याकाळी आईने आपल्या मुलाला ओळखलं. नुसतं ओळखलं नाही, शेजारी बसवून घेतलं, गालावरून हात फिरवला, किती वाळलास रे म्हणाली. तो मुलगा मी नव्हतो, एवढंच. झालं सांगून. आता हे काही घडलेलंच नाही असं धरून चालू, कारण अजून सकाळ आहे, गॅसवर दूध आहे, बोट हवेत आहे, आणि तो — म्हणजे मीच, पण सकाळच्या वेळी स्वतःला 'तो' म्हटलं की जरा सोसतं — स्वयंपाकघराच्या दारात हातात फडकं धरून, निकाल लागायच्या आधी पोरं उभी असतात तसा उभा आहे.

टॅबवर पान चौथं उघडलेलं. वर त्याचा फोटो : ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला, मागची भिंत पुसून पांढरी केलेली, डोळ्यांखालची वर्तुळं घासून काढलेली, आणि डावा कान, जो जन्मापासून जरा बाहेर डोकावतो, तो फोटो साफ करणाऱ्या मुलीने न विचारता आत बसवलेला. खाली मोठ्या अक्षरांत मजकूर : हा तुमचा मुलगा. हा तुमच्याजवळच राहतो. त्याखाली त्रिकोण, तो दाबला की फोटोतला माणूस बोलतो. आणि सगळ्यात खाली हिरवं बटण : समजले. ते दाबल्याशिवाय पुढचं पान येत नाही.

हे बटण ऑफिसचं. तो ज्या ऑफिसात लिहितो — लिहितो म्हणजे काय, तर आग विझवायचं नळकांडं कसं धरावं, शिडी भिंतीला किती तिरकी लावावी, जड खोकं उचलताना कंबरेचं काय करावं, असलं लिहितो — तिथे कारखान्यांसाठी अशा फायली बनतात. एकाच पानावर मजकूर, चित्र, आवाज, हलणारं चित्र, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. पूर्वी कामगार नुसतं वाचून विसरायचा, आता वाचून, ऐकून आणि बघून विसरतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आईंसाठी एक साधा अल्बम करा, ओळखीचे चेहरे, खाली नावं, बास. साधा. पण साधं करायचं तर माणूस त्या धंद्यातला नसावा लागतो. त्याने ऑफिसचा साचा उचलला आणि आईची फाइल बनवली.

पान पहिलं : ह्या तुम्ही. आई त्या पानावर फार रेंगाळत नाही. कोण बाई आहेत कोण जाणे, पण नीटनेटक्या आहेत, असं म्हणून समजले दाबते. पान दुसरं बाबांचं. बाबांचा आवाज घरात कुठेच सापडला नाही. एक व्हिडिओ सापडला, कुणाच्या तरी समारंभातला, त्यात ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेवतायत. खाली त्याने 'हे आता नाहीत' असं लिहिलं होतं, पण वर माणूस घास चावतोय आणि खाली नाही म्हणतायत, यातलं आईने वरचं खरं धरलं. जेवतायत, उठवू नका त्यांना, म्हणते, आणि पाय न वाजवता पुढे जावं तसं बोट न वाजवता पुढे जाते. पान तिसरं ताईचं; ताई दुसऱ्या शहरातून बोलते, जरा घाईत. चौथं त्याचं. पाचवं न्हाणीघराकडे जायच्या रस्त्याचं, बाणासकट.

आणि शेवटी परीक्षा. साच्यात परीक्षा असते, ती काढायची राहून गेली. प्रश्न एकच : खालीलपैकी आपला मुलगा कोणता? तीन चित्रं. एकात तो. दुसऱ्यात हेल्मेट घातलेला एक अनोळखी मुकादम. तिसरं चित्र बदलायला सापडलं नाही म्हणून मूळचंच राहिलं, आग विझवायचं नळकांडं. आई रोज पास होते. एकदाही चुकलेली नाही. टॅबमधून टाळ्या वाजतात, कागदाच्या रंगीत चकत्या उडतात, आणि प्रमाणपत्र उघडतं : अभिनंदन, आपण आपले कुटुंब यशस्वीरीत्या पूर्ण केले आहे. मग आई चष्मा काढून घडी करते, वर बघते, आणि टाळ्या अजून विरलेल्या नसताना त्याला विचारते,

"आपलं काय काम होतं?"

आता आवाजाचं. या धंद्यात आवाज दोन असतात. लिहिणारा आधी स्वतः वाचून ठेवतो — वाक्य केवढं होतंय, चित्र कुठे हलायला हवं, याचा अंदाज यावा म्हणून — त्याला कच्चा आवाज म्हणतात. मग आवाजवाला येतो, त्याच ओळी गोळीबंद वाचतो, आणि कच्चा आवाज पुसून टाकतात. कच्चा आवाज कधीच बाहेर जात नाही, जसं कुणी टॉवेल गुंडाळून समारंभाला जात नाही. पान चौथ्यासाठी त्याने कपाटात डोकं घालून, लोंबणाऱ्या शर्टांमध्ये तोंड खुपसून, आपल्या ओळी वाचल्या. आई, मी तुझा मुलगा. मी इथेच असतो. काही लागलं तर मला हाक मार. ऐकून बघितलं... नाकात बोलणारा, वाक्याच्या शेवटी माघार घेणारा एक इसम. 'मुलगा' म्हणताना त्याच्या आवाजात असं काही होतं की ऐकणाऱ्याने म्हणावं, पुरावा आहे का? मग हाताने सवयीप्रमाणे केलं. ओळी गळ्याकडे गेल्या.

गळा म्हणजे ऑफिसचा आवाजवाला. त्याला सगळे गळाच म्हणतात आणि तोही ओ देतो. निवृत्तीला टेकलेला, टक्कल, पोट, बारा महिने मफलर — आणि आवाज असा की वाटावं, पंचविशीतला कुणी सालस तरुण नुकताच आंघोळ करून आलाय. नळकांड्याची पिन ओढा आणि पिन परत लावा या दोन वाक्यांच्या मधल्या वेळात त्याने पान चौथं एका दमात वाचून दिलं. 'हाक मार'च्या आधी किंचित थांबला. तिथे थांबायचं असतं हे मला सुचलं नव्हतं. मुलगा मी होतो.

तेव्हा आईला तो अजून कळायचा. पहिल्यांदा त्रिकोण दाबून ती हसली होती.

"हा कोण बोलतोय रे तुझ्या तोंडातून?"

"मीच की."

"तू?"

"माईकवर असा येतो."

आईने मान डोलावली. तिने आयुष्यभर त्याची प्रत्येक थाप मान डोलावूनच घेतली होती, पण बाकीच्या थापा ती सोडून द्यायची. ही तिने पाठ केली. रोज सकाळी, रोज दुपारी, त्रिकोण दाबून दाबून. घरात फिरणारा माणूस रोज वेगळा दिसायचा, कधी दाढी वाढलेली, कधी चिडलेला, कधी पावडरीचा डबा शोधत पलंगाखाली घुसलेला. पानावरचा मात्र रोज तोच, तसाच हसरा, कान आत, आवाज स्वच्छ. या दोघांतला एक कुणीतरी ठेवायचा म्हटल्यावर... मीही त्यालाच ठेवला असता. केव्हातरी 'अरे'चं 'अहो' झालं. कोणत्या दिवशी झालं ते त्याला सांगता येत नाही. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, आई चेष्टा करतेय, आणि त्याने चेष्टेनेच 'बोला बाईसाहेब' म्हटलं होतं.

म्हणून काल संध्याकाळी त्याने आवाज बदलला. कपाटात डोकं घातलं, त्याच ओळी वाचल्या, या वेळी वाक्याच्या शेवटी पाय रोवून. फाइलीने विचारलं, आधीचा आवाज पुसून हा ठेवायचा का? ऑफिसात तो एका नळकांड्याच्या चार चार प्रती ठेवतो — अंतिम, अंतिम खरी, अंतिम आता नक्की. घरी एकच होती. तो हो म्हणाला. चेहरा माझा, आवाज माझा, मग आईला दुसरा पर्यायच राहणार नाही, असा हिशेब होता. लहानपणी कडू गोळी केळ्यात घालून द्यायची, त्यातला. मात्र इथे केळंही मीच आणि गोळीही मीच.

बोट खाली आलं.

"आई, मी तुझा मुलगा. मी इथेच असतो..."

आई ऐकत राहिली. शेवटपर्यंत. मग परत दाबलं. परत ऐकलं, मान किंचित तिरकी करून, जशी ती भाजीवाल्याचं बोलणं ऐकायची, सगळं ऐकून घ्यायचं आणि काहीच मानायचं नाही. मग तिने टॅब उलटा केला आणि मागे कुणी आहे का बघितलं.

"अहो."

तो पुढे झाला. फडकं अजून हातात.

"तुम्ही दुरुस्तीचं बघता ना?"

"...हो."

"हे बिघडलंय. याच्यात कुणीतरी शिरलंय."

"कोण शिरलंय?"

"मला काय माहीत कोण. नाकात बोलतोय." तिने आवाज खाली आणला. "माझ्या मुलाचं तोंड लावून बसलाय. असली माणसं असतात."

काही बोललं तर नाकातच आलं असतं. मागे दूध उतू गेलं, आणि ते पुसायला जाता आलं म्हणून मी त्या दुधाचा आभारी आहे. तो ओटा पुसत होता तेव्हा आतून पुन्हा कच्चा आवाज आला, मग पुन्हा, मग आईचा, बारीक, घाबरलेला, काचेवर तोंड ठेवून म्हणावं तसा : "अरे... अरे कुठे आहेस तू? तुला कुठे ठेवलंय त्यांनी?"

आहे, आई. ओट्याशी. पण हे 'आहे' कोणत्या आवाजात म्हणायचं ते आता ठरायचं होतं.

मावशी आल्या — मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे, दिवसभर आईला सांभाळायला येतात त्या — आणि चपला काढता काढताच त्यांना वास लागला. दुधाचा आणि बाकीचाही.

"काय झालं?"

"टॅब."

"कालपर्यंत बोलत होता की बरा. तुम्ही हात लावलात?"

"लावला."

"कशाला पण?" मावशींनी पदर खोचला. "चालतंय ना, मग चालू द्यावं. आता दिवसभर मला विचारणार, पोरगा कुठंय, पोरगा कुठंय. काय सांगू मी? दुरुस्तीला दिलाय?"

"संध्याकाळपर्यंत करतो काहीतरी."

"आणि माझंही एक पान टाका त्यात, किती दिवस सांगते. मला त्या रोज नव्याने कामाला ठेवतात. रोज मुलाखत देते मी. परवा तर नापास केलं मला, म्हणाल्या, दुसरीकडे बघा."

"मग?"

"मग काय, बाहेर जाऊन परत बेल वाजवली. दुसऱ्या वेळी पास झाले."

आई टॅब सोडेना. छातीशी धरून बसली होती, काच आतल्या बाजूला, म्हणजे त्यात शिरलेल्या माणसाला काही दिसू नये. त्याने लांबूनच सांगितलं, संध्याकाळी दुरुस्त होईल. तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यात नड होती. अडलेल्या माणसाने कारागिराकडे बघावं तशी.

"लवकर करा हं. तो बोलल्याशिवाय मला जेवण जात नाही."

रस्त्यावर आल्यावर त्याला नेहमीसारखं वाटलं की लोक आपापल्या आवाजात बोलतायत आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटत नाही. बसथांब्यावर एक बाई फोनवर कुणाला तरी 'मी बोलतेय' एवढंच म्हणाली आणि पलीकडच्याने ते मान्य केलं असावं, कारण तिला पुढे काही पुरावा द्यावा लागला नाही. मी बोलतोय. दोन शब्दांची केवढी ही चैन... तो ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होता, निरनिराळ्या पट्ट्यांत, आणि शेजारच्या गृहस्थाने पिशवी या हातातून त्या हातात घेऊन मधे अंतर केलं.

ऑफिसात जुना आवाज कुठेतरी उरला असेल, अशी एक आशा होती. ती मॅडमनी सकाळच्याच चहाला निकालात काढली. साचे मॅडमच्या ताब्यात असतात, आणि त्या कुणावर ओरडत नाहीत, फक्त आठवण करून देतात.

"ती फाइल मीच सगळीकडून पुसायला लावली होती. आठवतंय ना? शिडी."

आठवत होतं. गळ्याचा तो आवाज चुकून शिडीच्या फाइलीला चिकटला होता, आणि एका कारखान्यात कामगार शिडीचं चौथं पान दाबायचे तेव्हा शिडीचा कोन सांगायच्या ऐवजी कुणीतरी स्वच्छ आवाजात म्हणायचं, आई, मी तुझा मुलगा, मी इथेच असतो.

"तक्रार आली नव्हती पण," तो म्हणाला.

"तक्रार नव्हती आली. ते म्हणाले, राहू द्या, बरं वाटतं ऐकायला. तेच तर." मॅडमनी कप खाली ठेवला. "शिडीवर चढणाऱ्या माणसाला बरं वाटणं आपल्याला परवडत नाही. आणि घरची कामं ऑफिसच्या माईकवर नकोत."

म्हणजे गळा. गळा उपाहारगृहात कोमट पाण्याचा पेला घेऊन बसला होता आणि वाढणाऱ्याला म्हणत होता, "जरा मीठ दे बरं यात." तो दारातच थबकला. नेहमीच थबकतो. माझं सगळं मुलगेपण, एवढं मधाळ, एवढं आज्ञाधारक, मीठ मागत बसलंय.

त्याने गळ्याला सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण थोडक्यात सांगता येईल असं त्यात काही नव्हतं. 'आवाज पुसला गेला, पुन्हा वाचून द्याल का' एवढ्यावर थांबायला हवं होतं, आणि तो नाक, टॅबची मागची बाजू, तोंड लावून बसलेला माणूस, सगळं सांगून बसला. गळा ऐकताना पेल्यातलं पाणी घोळवत होता. त्याला दुसऱ्याची वाक्यं वाचायची सवय. स्वतःचं वाक्य शोधायला वेळ लागतो.

"म्हणजे त्यांना तुझा आवाज चालत नाही."

"नाही."

"माझा चालतो."

"हो."

"आमच्या घरी उलटं आहे," गळा म्हणाला. "बायको म्हणते, घरात तोंड उघडू नका, आग लागल्यासारखं वाटतं." मग त्याने पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. "माईक आहे का तुझ्याकडे?"

"आहे. आणि कपाट."

"कपाट चांगलं?"

"शर्टांचं आहे. घुमत नाही."

"मग येतो संध्याकाळी. तीनच ओळी ना?"

तीनच ओळी. दिवसभर तो जड खोक्याविषयी लिहीत राहिला — गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाशी धरा, एकट्याने उचलू नका — आणि मधूनमधून मावशींचे फोन. आजी जेवल्या नाहीत. आजी टॅबला शाल पांघरून बसल्यात. आजी शेजारच्यांना विचारून आल्या, माझा मुलगा बघितला का. शेजारी म्हणाले, हो, सकाळी कामावर गेला, तर त्या म्हणाल्या, तो नव्हे. हे ऐकून त्याला हसू आलं आणि त्या हसण्याची टाच कुठेतरी आत घसरली. खोकं दोघांनी उचलताना बोलायचं कुणी, हे वाक्य त्याने तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

संध्याकाळी दोघे निघाले. गळा वाटेत काही बोलत नाही, आवाज जपतो; रस्ता ओलांडतानाही हातानेच सांगतो. त्यामुळे शेजारी चालणारा हा फक्त एक मफलरवाला, जिने चढताना धापा टाकणारा गृहस्थ होता, आणि लिहिणाऱ्याला एकदम हायसं वाटलं. एवढा धोका नाहीच यात. कपाटात उभं करायचं, ओळी घ्यायच्या, पाणी द्यायचं, सोडायचं. आईला कळणारही नाही. मावशींनी दार उघडलं. गळा आत आला, चपला काढायला वाकला, आणि वाकलेल्या माणसाने जे म्हणावं तेच म्हणाला,

"दार लावून घेऊ का, मावशी?"

आतल्या खोलीत खुर्ची करकरली.

"आलास?"

गळ्याच्या हातात एक चप्पल. तो हळूच म्हणाला, "कोण, मी?" आणि तेही त्याच आवाजात आलं, बिचाऱ्याकडे दुसरा आवाज नव्हता.

"मग दुसरं कोण. केव्हाची हाका मारतेय. ये, इथे ये."

मावशी म्हणाल्या, "अहो आजी, हे —" आणि त्याने मान हलवली. का हलवली? सकाळपासून दिवसभर ती भुकेली बसलीय, म्हणून. की आईच्या आवाजात ते 'आलास' असं काही उमटलं होतं की ते मोडायला माणूस माझ्यापेक्षा मोठा लागला असता... की ते ऐकायचं होतं मला, कुणासाठी का असेना. गळ्याने त्याच्याकडे बघितलं. त्याने हाताने खूण केली, रेकॉर्ड करताना करतो तीच : चालू दे.

गळा खुर्चीपाशी स्टुलावर बसला. आईने टॅबवरची शाल काढून त्याच्या मांडीवर टाकली. त्याच्या गालावर हात ठेवला. गाल तळव्यात मावेना.

"किती वाळलास रे."

"हो ना," गळा म्हणाला.

"केस कुठे गेले?"

"गेले."

"येतील." ती गाल कुरवाळत राहिली. "कुठे होतास?"

इथे गळ्याला ओळी संपल्याचं कळलं. तो आवाजवाला आहे, उत्तरवाला नाही. त्याने आईच्या खांद्यावरून वर, तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या लेखकाकडे बघितलं. आणि लेखकाचं तोंड सवयीने उघडलं. तो पुटपुटला, ओठ हलतील एवढंच : मी इथेच असतो.

"मी इथेच असतो," गळा म्हणाला.

इथेच, रोज.

"इथेच, रोज."

आईचा चेहरा त्याला दिसत नव्हता. केसांतला भांग दिसत होता, आणि गळ्याचा चेहरा, ज्याच्यावर माझी वाक्यं एकेक करून उजळत होती. हे असं असतं तर. त्याला वाटलं, चालतंय की हे. कच्चा आवाज इकडून, पक्का तिकडून, मधे एवढीशी खुर्ची. त्याने पुढे लिहिलेलं नसलेलं म्हणायला सुरुवात केली, भराभर, जसं पाणी येतंय तोवर भरून घ्यावं : रोज सकाळी दूध मी तापवतो.

"रोज सकाळी दूध मी तापवतो."

आई हसली. "तू? चल. दूध ते तापवतात."

"कोण?"

"ते. दुरुस्तीचे." तिने मागे न बघता अंगठ्याने मागे दाखवलं. "उतू घालवतात, पण तापवतात."

गळा खाली बघायला लागला. मावशी दारातून आत गेल्या आणि भांडी लावायला लागल्या, जी लावलेलीच होती. तो थांबला नाही. त्याला थांबता येत नव्हतं. आणखी एकच ओळ होती, ती कधी कपाटातही म्हणून बघितली नव्हती, शर्टांसमोरसुद्धा लाज वाटली असती : मला विसरू नकोस.

गळ्याने ती क्षणभर तोंडात धरली. मग म्हणाला, एका दमात, आधी किंचित थांबून, जिथे थांबायचं असतं तिथे.

"मला विसरू नकोस."

"वेडा की काय तू," आई म्हणाली. "तुला विसरेन होय मी?"

आलं. ते वाक्य या घरात आलं. इतके महिने ज्याची वाट बघितली ते, शब्द न् शब्द, आईच्या तोंडून, आईच्या आवाजात, जो कच्चाही नव्हता आणि पक्काही नव्हता, नुसता होता. टपालासारखं : पत्ता बरोबर, घर बरोबर. सही करून दुसऱ्याने घेतलं, आणि ज्याचं होतं तो मागे उभा राहून बघतोय की पाकीट फाटलं तर नाही ना. त्याला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी, का कोण जाणे, आपण फार नीट उभे आहोत असं वाटलं. गुडघे सैल, पाठ सरळ.

"मागे ते काय पुटपुटतायत सारखं?" आईने गळ्याला विचारलं.

"ते... मला आठवण करून देतात. काय बोलायचं त्याची."

"बरंय." तिने गळ्याचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि आवाज खाली आणला, पण घर लहान आहे, सगळं ऐकू येतं. "सोडू नकोस हं त्यांना. नाकात बोलतात, पण मनाने वाईट नाहीत. माझ्याकडेच असतात दिवसरात्र. त्यांना कुणी नसावं."

माईक पिशवीतच होता. गळा डोळ्यांनी विचारत होता, कपाट कुठलं, ओळी घ्यायच्या ना, मला उठू देतील ना या. आणि आईची बोटं त्याच्या मनगटावर मिटलेली होती. आतून मावशींनी पानं वाढल्याचं सांगितलं. आई म्हणाली, आज हा भरवेल. खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी करणं भाग होतं, आणि लिहिण्यापलीकडे त्याला काही येत नाही, म्हणून त्याच्या डोक्यात, त्याच्या त्या नळकांड्याच्या, शिडीच्या, खोक्याच्या भाषेत, मजकूर आपोआप जुळत गेला. मोठ्याने वाचायला कुणी मिळणार नव्हतं आणि मागायचंही नव्हतं.

महोदया, विनंती करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या घरी जन्मापासून वास्तव्यास असून, मुलगा हे पद सध्या भरलेले असल्याची त्यास पूर्ण कल्पना आहे. सदर पदावरील इसमास न हटवता, अर्जदारास त्याच पदावर जादा म्हणून, विनाआवाज, सामावून घेण्यात यावे; तसेच आठवड्यातून एकदा, आपल्या सोयीने व इतर कुणी घरात नसताना, अर्जदारास 'अहो'ऐवजी 'अरे' अशी हाक मारण्यास मंजुरी मिळावी.